‘आय७, १६ जीबी, ४ जीबी ग्राफिक्स’: या कोटेशनमध्ये काय लिहिलेलं नाही

प्रश्न थोडक्यात असा: बारावी झाली आहे, घर अकोल्यात, मॉनिटरसकट साठ हजार जमले आहेत. कीबोर्ड-माउस घरात आहेत. व्हॅलोरंट आणि जीटीए ५ खेळायचे, जमलं तर सायबरपंक २०७७. गावातल्या एका दुकानाने दिलेलं कोटेशन: ‘आय७ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड, २५६ एसएसडी अधिक १ टीबी हार्ड डिस्क, ४५० वॅट एसएमपीएस, आरजीबी गेमिंग कॅबिनेट, २२ इंची एलईडी. एकूण ४२,०००.’ आणि शेवटी, ‘दादा, अठरा हजार वाचतायत. घेऊ का?’

नको घेऊस. दादा म्हणालास म्हणून ‘तू’च म्हणतो.

पंधरा वर्षं लोकांचे पीसी जोडून देतोय, आणि असली कोटेशनं किती पाहिली याचा हिशेब नाही. गंमत म्हणजे या कागदावर एकही शब्द खोटा नसणार. आय७ असेल, १६ जीबी असेल, कार्डावर ४ जीबीही असेल. फक्त प्रत्येक ओळ अर्धी लिहिलेली आहे आणि तुझे पैसे जाणार आहेत ते न लिहिलेल्या अर्ध्या भागात. आंबेवाला ‘हापूस’ म्हणतो तेव्हा आपण ‘कुठला?’ विचारतोच ना? इथेही तेच कर.

पहिली ओळ. ‘आय७’ हे मालिकेचं नाव, वेगाचं नाही. या किमतीत आय७ बसतो म्हणजे तो बहुतेक आय७-३७७० किंवा त्याच्या आगेमागेचा, कुठल्या तरी कंपनीच्या भंगारात निघालेल्या मशीनमधला असणार. ३७७० आला २०१२ मध्ये. त्याच्याखाली एच६१ चिपसेटचा मदरबोर्ड (सगळे भाग ज्यात बसतात तो; पुढे नुसता ‘बोर्ड’) आणि डीडीआर३ ही जुन्या पिढीची रॅम लागते. असे बोर्ड अजूनही नव्या खोक्यात मिळतात, त्यामुळे उघडल्यावर सगळं नवंकोरं दिसतं. चार कोर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग), आठ थ्रेड (एकाच वेळी हाताळता येणारी कामं). आजचा साधा आय३-१२१००एफसुद्धा चार कोर, आठ थ्रेडचाच आहे, पण त्याचा एकेक कोर त्या जुन्या आय७ ला सहज मागे टाकतो. त्यात विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे प्रोसेसर अधिकृतपणे घेत नाही आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणजे ‘नवा’ पीसी पहिल्याच दिवशी उघड्यावर.

आता ‘४ जीबी ग्राफिक्स कार्ड’. दुकानदाराला चिपचं नाव विचार. दहातल्या आठ वेळा उत्तर येईल जीटी ७३०. हे कार्ड २०१४ चं. त्याच्या ४ जीबीवर भुलू नकोस. ती बहुधा डीडीआर३ मेमरी असते, ६४ बिटच्या अरुंद वाटेने जोडलेली. सेकंदाला साधारण १४ जीबी माहिती तिथून जाते. आरएक्स ६६०० मध्ये हाच आकडा २२४ जीबी आहे. गोदाम मोठं, पण दाराशी बैलगाडीची वाट. त्यातल्या बहुतेक कार्डांची चिप केप्लर पिढीची, आणि त्या पिढीसाठी नव्या गेमचे ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) एनव्हिडियाने २०२१ मध्येच थांबवले. सायबरपंक त्यावर खेळण्याजोगा चालणारच नाही.

हा अर्ध्या नावाचा खेळ फक्त जुन्या मालात चालतो असं समजू नकोस. नव्या, सीलबंद कार्डांतही चालतो, आणि तो खुद्द कंपन्यांनीच मांडलेला असतो. आरटीएक्स ३०५० हे नाव ८ जीबीच्या कार्डावरही आहे आणि ६ जीबीच्याही. फरक दोन जीबीचा वाटतो, पण ६ जीबीवाल्यात आतले कोरही कमी (२५६० ऐवजी २३०४) आणि मेमरीची वाट १२८ ऐवजी ९६ बिट. आरटीएक्स ३०६० चंही तसंच: १२ जीबीचं १९२ बिटवर, ८ जीबीचं १२८ बिटवर. सेकंडहँडमध्ये आरएक्स ५८० खूप दिसेल. त्यात ‘२०४८एसपी’ असं बारीक अक्षरात लिहिलेलं असलं तर आत खरं म्हणजे आरएक्स ५७० आहे. आरएक्स ६५०० एक्सटी ला नाव नव्या पिढीचं, पण ४ जीबी मेमरी आणि बोर्डाशी जोडणाऱ्या फक्त चार लेन. जुन्या, पीसीआयई ३.० च्या (कार्ड बोर्डाला जोडणाऱ्या मार्गाची जुनी आवृत्ती) बोर्डावर ते आणखी गुदमरतं. म्हणून कार्डाच्या ओळीत तीन गोष्टी लिहून घे: चिपचं पूर्ण नाव, मेमरी किती, आणि बनवणाऱ्या कंपनीचं मॉडेल.

तुझ्यासाठी कोणतं? मॉनिटरसकट साठ हजार असतील तर साधारण एक तृतीयांश कार्डात गेले पाहिजेत. त्या पट्ट्यात आरएक्स ६६०० सीलबंद आणि वॉरंटीसह मिळत असेल तर डोळे मिटून घे. ८ जीबी मेमरी, १३२ वॅट वीज, एकच आठ पिनांची वायर. १०८० पी वर (१९२०×१०८० ठिपक्यांचा स्क्रीन) जीटीए ५ आरामात, सायबरपंक मध्यम सेटिंगवर व्यवस्थित. हे कार्ड २०२१ चं आहे, त्यामुळे माल संपत आलेला असू शकतो. तसं झालं आणि थोडे पैसे वाढवता आले तर आरटीएक्स ५०५० बघ. तेही ८ जीबी, १३० वॅट. ३०५० चं ८ जीबी कार्ड ६६०० पेक्षा चांगलंच मागे आहे, म्हणून किंमत बरीच खाली असेल तरच. इंटेलचं आर्क बी५८० बारा जीबीचं आहे आणि मोह पाडतं. पण त्याला रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) चालू असलेला बोर्ड लागतो, १९० वॅट लागतात, आणि स्वस्त प्रोसेसरसोबत ते आपला पूर्ण वेग दाखवत नाही. पहिल्या पीसीला ही डोकेदुखी नको.

सेकंडहँड कार्ड? १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या क्रिप्टो चलनाचं मायनिंग (ग्राफिक्स कार्डं रात्रंदिवस राबवून नाणी मिळवणं) बंद पडलं आणि त्या कामाला जुंपलेली हजारो कार्डं बाजारात आली. त्यातली काही अजून हात बदलत फिरतायत. मी स्वतः घेतो, कारण मला उघडून आतले उष्णता वाहून नेणारे पॅड आणि पेस्ट बदलता येतात आणि एखादं वाया गेलं तर सोसतं. तुझं पहिलंच आहे, नको.

प्रोसेसर. व्हॅलोरंटसारखा गेम कार्डावर कमी आणि प्रोसेसरवर जास्त अवलंबून असतो. सेकंदाला १४४ फ्रेम (चित्रं) सतत हव्या असतील तर इथे अगदी तळाला जाऊ नकोस. माझी निवड रायझन ५ ५६०० किंवा आय५-१२४००एफ. दोन्ही सहा कोर, बारा थ्रेडचे. बोर्डासकट जी जोडी स्वस्त पडेल ती घे, खेळताना फरक जाणवणार नाही. फक्त नावात एक अक्षर इकडचं तिकडे होऊ देऊ नकोस. ५६०० मध्ये ३२ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) आहे, ५५०० आणि ५६००जी मध्ये १६ च, आणि गेमिंगला कॅश फार लागते. ‘५६०० संपलाय, ५५०० देतो, सेम आहे’ हे वाक्य तुला ऐकू येणार, लिहून ठेव. सेम नाही. किंमत बरीच कमी केली तर ५५०० चालेल, तेवढ्याच किमतीत नाही.

इंटेलच्या नावातल्या ‘एफ’चा अर्थ आत ग्राफिक्स नाही. ५६०० मध्येही नाही. म्हणजे उद्या कार्ड बिघडून वॉरंटीत गेलं तर स्क्रीन काळी. पुण्या-मुंबईत हे चार-आठ दिवसांचं प्रकरण, तुझ्याकडून कुरियरने जाऊन परत यायला महिनाही लागतो. म्हणून ‘एफ’ नसलेला १२४०० हजार-दीड हजाराच्या फरकात मिळत असेल तर मी तोच घेईन. कार्ड नसलं तरी कॉलेजचं काम थांबत नाही.

कोणी म्हणेल, एएम५ सॉकेट (बोर्डावरची प्रोसेसरची बैठक) घे, पुढे अपग्रेड होतं. बरोबर आहे. ५६०० चा एएम४ आणि १२४०० चा एलजीए १७००, दोन्ही रस्ते पुढे बंद आहेत. पण एएम५ ला डीडीआर५ रॅमच लागते, आणि २०२५ च्या शेवटापासून एआयच्या डेटा सेंटरांनी रॅमचे भाव असे चढवलेत की तुझ्या बजेटमध्ये तो हट्ट कार्डाच्या मुळावर येईल. पाच वर्षांनी लागू शकणाऱ्या अपग्रेडसाठी आज खेळता न येणं, हा सौदा मला पटत नाही.

रॅमच्या ओळीत ‘१६ जीबी’ असेल तर एक काडी की दोन, ते विचार. एकच काडी म्हणजे दोनपदरी रस्त्याचा एक पदर बंद. डीडीआर४-३२०० ची एक काडी सेकंदाला २५.६ जीबी देते, दोन मिळून ५१.२. आठ-आठच्या दोन घे. रॅम चढ्या भावात असताना मी एका गोष्टीत सूट देतो: डीडीआर४ सेकंडहँड चालते. तिच्यात झिजणारं काही नसतं, आणि मेमटेस्ट८६ रात्रभर चालवून एकही चूक निघाली नाही तर बिनधास्त वापर. मामाच्या, काकाच्या ऑफिसात जुना डीडीआर४ पीसी पडला असेल तर आधी तिथे विचार. आणि जोडून झाल्यावर बायोसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) जाऊन एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग, चालू करायला विसरू नकोस. नाहीतर ३२०० ची रॅम २४०० वर किंवा त्याहून खाली चालत राहते आणि कुणाला पत्ता लागत नाही. एका ओळखीच्यांकडे मी तीन वर्षांनी ते चालू करून दिलं. त्यांना वाटलं मी नवीन काही बसवलं.

बोर्डावर फार वेळ घालवू नकोस. एएमडी (रायझन) घेतलास तर बी५५० चिपसेटचा, हात आखडला तर ए५२०. ए५२० वर पीसीआयई ३.० च मिळतं, पण आरएक्स ६६०० ला त्याचा फटका किरकोळ बसतो. इंटेल घेतलास तर एच६१० पुरेसा. त्यावर बहुधा रॅमचे दोनच स्लॉट आणि एसएसडीची एकच जागा असते, एवढं मनात ठेव.

साठवणूक. २५६ मध्ये विंडोज आणि एखादा मोठा गेम, बस. हल्लीचे गेम शंभर जीबीच्या घरात जातात. ५०० जीबी किमान, जमलं तर १ टीबी. ओळीत ‘एनव्हीएमई’ हा शब्द हवा, नुसतं ‘एम.२’ पुरत नाही. त्याच आकारात साटा एसएसडीही येते आणि ती कितीतरी हळू असते. तुझ्या कोटेशनमधली १ टीबी हार्ड डिस्क फुकट पदरात पडल्यासारखी वाटते ना? क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं सॉफ्टवेअर टाकून ती किती तास चाललीय ते बघ. मी एका ‘नव्या’ डिस्कवर एकतीस हजार तास पाहिलेत. साडेतीन वर्षं कुठल्यातरी सीसीटीव्हीच्या खोक्यात रात्रंदिवस फिरलेली असणार. सध्या हार्ड डिस्क घेऊच नकोस.

आता जिथे मी गिऱ्हाइकाशी भांडतो ती ओळ: ‘४५० वॅट एसएमपीएस’, म्हणजे सगळ्या भागांना वीज देणारा डबा. जिच्याकडे कोणी बघत नाही, आणि कॅबिनेटसोबत फुकट आलेली. अशा एसएमपीएसवरचं स्टिकर वाचायला शीक. प्रोसेसर आणि कार्ड आपली जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टवरून घेतात, म्हणून १२ व्होल्टपुढचे अँपिअर बघायचे आणि गुणाकार करायचा. माझ्या हातातून गेलेल्या एका ‘४५० वॅट’वर १२ व्होल्टपुढे १६ अँपिअर होते. बारा सोळे १९२. बाकीचे वॅट कागदावर. आता तुझी गरज बघ: कार्ड १३२, ५६०० पूर्ण जोरात ७६ च्या आसपास, बोर्ड, पंखे, एसएसडी धरून आणखी चाळीस-पन्नास. अडीचशेच्या वर गेलो. आणि कार्ड क्षणभरासाठी आपल्या आकड्याच्या वर उडी मारतं, ती वेगळीच. चांगल्या कंपनीच्या ५५० वॅटवर १२ व्होल्टला ४० अँपिअरच्या पुढे लिहिलेलं असतं. तसा घे. ‘८० प्लस’ची चिठ्ठी असावी, पण ती फक्त सांगते की वीज किती वाया जात नाही. भार अचानक वाढला किंवा शॉर्ट झालं तर तो वेळेत बंद पडेल की नाही, हे ती सांगत नाही. त्यासाठी कंपनीचं नाव, पाच वर्षांची वॉरंटी आणि त्याच मॉडेलच्या तपासण्या वाचायच्या. कार्डाला लागणारी आठ पिनांची वायर एसएमपीएसमधून थेट निघालेली हवी. हार्ड डिस्कच्या वायरीला कनव्हर्टर लावून देतो म्हणाला तर उठून ये.

हा राग उगाच नाही. सुरुवातीच्या काळात एका मुलाला मीच कॅबिनेटबरोबर आलेला एसएमपीएस लावून दिला होता, त्याचे पंधराशे वाचावेत म्हणून. आठ महिन्यांनी संध्याकाळी दिवे लुकलुकले, फट्ट आवाज झाला, आणि एसएमपीएसबरोबर बोर्ड आणि हार्ड डिस्क दोन्ही गेल्या. डिस्कवर त्याच्या बहिणीच्या लग्नाचे फोटो होते. पीसी मी भरून दिला, फोटो कुठून देणार?

याच विषयाला जोडून, पीसी भिंतीवरच्या ज्या स्विचबोर्डाला लावणार तिथली अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घे. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर दोष बहुतेक पीसीचा नसतो, भिंतीतली अर्थिंग नावापुरती असते. घरी इन्व्हर्टर असेल तर त्यावर यूपीएस मोडचं बटण आहे का बघ. साध्या मोडमध्ये लाइट जाऊन येईपर्यंतचा झटका पीसीला सहन होत नाही. वेगळा यूपीएस घ्यायचा असेल तर ६०० व्हीएचा घेऊ नकोस. त्याचे खरे वॅट साधारण ३६० भरतात, आणि मॉनिटर धरून खेळताना तू त्याच्या फार जवळ जाशील. पण हे साठ हजारांत बसणार नाही, पुढच्या दिवाळीला बघ.

कॅबिनेट. अकोल्याचा मे महिना मी अनुभवलाय. बाहेर ४५ अंश असताना समोर काच आणि तिच्यामागे तीन रंगीत पंखे हा शुद्ध मूर्खपणा आहे. ते पंखे हवा ओढणार कुठून? समोर जाळी असलेला डबा घे, दोन पंखे समोरून आत, एक मागून बाहेर. जाळी काढून धुता येते का तेवढं बघ, धूळ भरपूर बसेल. दिवे नसले तरी गेम तेवढाच पळतो. ५६०० च्या बॉक्समध्ये कूलर येतो, तो पुरतो. फक्त प्रोसेसर बॉक्समधलाच माग. ‘ट्रे’चा, म्हणजे खोक्याशिवाय सुटा, थोडा स्वस्त पडतो, पण त्यात कूलर नसतो आणि वॉरंटी कंपनीची नव्हे, विकणाऱ्याच्या शब्दाची असते.

मॉनिटर मी खरं तर सगळ्यात आधी ठरवायला सांगतो, कारण कार्ड किती जोराचं हवं ते त्याच्यावर ठरतं. २२ इंची ‘एलईडी’ म्हणजे काय? एलईडी सगळेच असतात. तुला २४ इंच, १०८० पी, आयपीएस पॅनेल, १४४ हर्ट्झ किंवा जास्त, असं लिहून घ्यायचंय. ६० हर्ट्झवर नवं चित्र दर १६.७ मिलिसेकंदांनी येतं, १४४ वर ६.९ ने. व्हॅलोरंटमध्ये कोपऱ्यावरून डोकावणारा माणूस तुला आधी दिसतो तो यामुळे. १४४० पी च्या नादी लागू नकोस, तुझं कार्ड त्यासाठी नाही.

हे सगळं एका कागदावर उतरवून त्याच दुकानदाराकडे जा. खरंच सांगतो. तो लबाडच असेल असं नाही. त्याच्याकडे येणारी दहातली नऊ माणसं ‘आय७ आहे ना?’ एवढंच विचारतात, तो तेच विकतो. पूर्ण नावं दिलीस तर मागवूनही देईल, आणि बिघडल्यावर पीसी घेऊन जायला गावात एक दार असणं याला किंमत आहे. ऑनलाइनपेक्षा दोन-अडीच हजार जास्त लावले तर दे. पाच हजार जास्त मागितले तर मग रात्रीची गाडी पकड, मुंबईत लोकलने ग्रँट रोडला उतर आणि लॅमिंग्टन रोडवर चार दुकानांत तोच कागद दाखव. कुठूनही घेतलंस तरी जीएसटीचं पक्कं बिल आणि त्यावर प्रत्येक भागाचा सिरीयल नंबर. कच्च्या बिलावर अठरा टक्के वाचतात असं सांगतील. कार्ड वॉरंटीत पाठवायची वेळ आली की त्या कागदाला कोणी विचारत नाही.

साठ हजारांत बसत नसेल तर आधी बी५५० चा ए५२० कर, मग १ टीबीची ५०० जीबी, मग रॅम जुनी बघ. कार्ड, एसएमपीएस आणि मॉनिटर यांना हात लावू नकोस. दुकानदार फुकट टाकून देतो ते विंडोज पायरेटेड असतं, लायसन्सचे पैसे वेगळे धर. लिनक्सवर भागवू म्हणशील तर व्हॅलोरंटचं व्हॅनगार्ड (चीटिंग रोखणारं सॉफ्टवेअर) तिथे चालत नाही. विंडोज ११ वर त्याला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयीही लागतात. दोन्ही बायोसमध्ये असतात, एक्सएमपी करायला जाशील तेव्हाच बघून घे.

घरी आणल्यावर मॉनिटरची वायर कार्डाला लाव, वरच्या बाजूला बोर्डाला जे भोक असतं त्याला नाही. ५६०० असेल तर तिथे काहीच दिसणार नाही आणि तू घाबरून मला फोटो पाठवशील. दिसायला लागलं की विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ॲडव्हान्स्डवर जा. तिथे ६० लिहिलेलं असेल, ते १४४ कर.